चौदा नंबरची सहा चाकं

बंगळूरला जाऊन आलं की लोक आधी हवेचं विचारतात. मलाही सगळ्यांनी तेच विचारलं. मार्गशीर्षात गेले होते, म्हणजे हवा चांगलीच असणार. पण तीन दिवसांत माझं तिकडे लक्षच गेलं नाही. म्हणून ज्यांनी बंगळूर पाहिलेलं नाही त्यांनी या लेखातून बागांची आणि रस्त्यांची माहिती मिळेल अशी आशा धरू नये. मी तिथे सहा चाकं शोधायला गेले होते.

साठचं दशक उतरणीला लागलं होतं. कोल्हापुरातल्या एका बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, फाउंड्रीत मी केमिस्ट होते. उसाचे चरक, पंपांची अंगं, इंजिनांचे भाग असं आमचं ओतकाम चाले. भट्टी लावून एका वेळी जेवढं बीड ओतायचं त्याला आम्ही एक हीट म्हणत असू. प्रत्येक हीटला नंबर असे, आणि तो त्या हीटच्या प्रत्येक वस्तूवर उठावाच्या आकड्यांत उमटलेला असे. प्रत्येक हीटबरोबर एक छोटी पट्टीही ओतायची. ती मी तोडून, तपासून, मग माल पाठवायचा, असा नियम होता.

त्या वर्षी आम्हाला बंगळूरच्या एका कारखान्याची मोठी मागणी मिळाली होती. ते पत्रे कापायचे प्रेस बनवत, आणि त्या प्रेसची फ्लायव्हील, म्हणजे जोराने फिरणारं जड चाक, आम्ही ओतून देत होतो. चौदा नंबरची हीट लागली तेव्हा मी धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी सांगलीला होते. पंधरा दिवसांनी परत आले तेव्हा त्या हीटची पट्टी माझ्या टेबलावर तशीच पडली होती आणि चाकं लॉरीतून गेली होती. पट्टी तोडली. तुटलेल्या जागी बीड करड्याऐवजी कडेने पांढरं दिसलं. गंधक तपासलं, तर ते भलतंच जास्त निघालं. कोळसा वाईट आला होता. असं बीड कडक होतं आणि काचेसारखं ठिसूळ. चरकाला ते कदाचित चाललं असतं. मिनिटाला शेकडो फेरे घेणाऱ्या चाकाला चालत नाही. ते फुटलं तर त्याचे तुकडे छपरातून बाहेर जातात.

मालकांना आम्ही दादासाहेब म्हणत असू. त्यांनी लगेच बंगळूरला ट्रंक कॉल लावला. दोन तासांनी लागला. पलीकडून उत्तर आलं, आमच्याकडे तुमची चौदा नंबरची हीट आलेलीच नाही.

"कार्डं बघून सांगितलं म्हणे," दादासाहेब म्हणाले. "तिथे सगळं कार्डांच्या मशीनवर आहे. मशीन नाही म्हणतंय तर नाही."

"पण आपण पाठवली आहे. चलनावर चौदा लिहिलंय. सहा चाकं."

दादासाहेबांनी चलन हातात घेऊन पाहिलं. ही मागणी मिळवायला त्यांनी वर्षभर बंगळूरच्या वाऱ्या केल्या होत्या. शेवटी म्हणाले, "जा तुम्ही. दत्तोबाला बरोबर घ्या. पण कुसुमबाई, हीट वाईट आहे असं तिथे उघड म्हणू नका. एक तपासणी राहिली आहे, एवढंच सांगा."

गाडीत

दत्तोबा आमचे पॅटर्नमेकर. ज्या लाकडी नमुन्यावरून वाळूत साचा उठतो तो ते बनवत. साठीला आलेले, अंगाने काटक, बोलणं कमी. आपलं ओतकाम शंभरात ओळखू शकेल असा माणूस म्हणून ते बरोबर आले.

मिरजेला छोट्या रुळांची गाडी पकडली. लोंढ्यापर्यंत दत्तोबा खिडकीतून जंगलाकडे बघत होते. जेवायला त्यांनी भाकरी आणि ठेचा काढला, मी दशम्या. समोरच्या बाकावर हुबळीचे एक गृहस्थ होते. त्यांनी ठेचा चाखला आणि डोळे पुसत आम्हाला धारवाडचा पेढा दिला. दावणगेऱ्याला दत्तोबा पाणी भरायला उतरले आणि गाडी हलली. मी दाराशी जाऊन हात पुढे केला; ते तांब्या न सोडता चढले. मला धाप लागली, त्यांना नाही.

"बाई, आपण तिथं खरं बोलायचं का न्हाई?" त्यांनी बसता बसता विचारलं.

मी म्हटलं, बघू.

अरसीकेऱ्याला उजाडलं. पानात गरम इडल्या आल्या. दत्तोबांनी चार खाल्ल्या. मी माझं पानही त्यांच्याकडे सरकवलं.

सोमवार, हेब्बाळच्या पलीकडे

स्टेशनजवळच्या लॉजवर पिशव्या टाकून आम्ही बस धरली. हेब्बाळचं तळं मागे पडलं, की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नाचणीची कापलेली रानं आणि मधेच लांबलचक पांढऱ्या शेड, असा तो भाग. आमच्याकडे कारखाना म्हणजे धूर आणि वाळू. इथे दारात फुलांचे वाफे होते आणि पहारेकऱ्याने आमचं नाव लिहून घेऊन आम्हाला बाकावर बसवलं. तासभर कोणी बोलावलं नाही.

वर्क्स मॅनेजर मद्रासकडचे होते, इंग्रजीत बोलत. सभ्य, पण घाईत. मी दादासाहेबांनी शिकवलेलं वाक्य म्हटलं: चौदा नंबरच्या हीटची एक तपासणी राहिली आहे.

"ती हीट आमच्याकडे नाही," ते म्हणाले. "या, दाखवतो."

त्यांनी आम्हाला कार्डांच्या खोलीत नेलं. असं काही मी तोवर पाहिलं नव्हतं. आत सात-आठ मुली टाइपरायटरसारख्या यंत्रांवर बसून जाड कागदाच्या कार्डांना भोकं पाडत होत्या. खोलीची प्रमुख पद्मा नावाची, माझ्याच वयाची बाई होती. कानडी बोलणारी, माझ्याशी इंग्रजीत बोलली. तिने मला एक कार्ड हातात दिलं. त्यावर ऐंशी उभे रकाने होते. कोणत्या रकान्यात कितव्या जागी भोक पडलंय त्यावरून वस्तू कोणती, कोणी पुरवली, हीट कोणती, आत्ता कारखान्यात कुठे आहे, सगळं कळे.

"माल आला की तपासनीस त्याच्यावरचा नंबर वाचून तक्त्यावर लिहितो," ती म्हणाली. "तक्त्यावरून आम्ही कार्ड पाडतो. वस्तू एका खात्यातून दुसऱ्यात गेली की कार्डही तिच्या मागे सरकतं. कुठलं चाक कुठे आहे हे बघायला कोणाला शेडमध्ये हिंडावं लागत नाही."

तिने आमच्या सगळ्या चाकांची कार्डं वेगळी काढली आणि सॉर्टर नावाच्या यंत्रात घातली. कार्डं फर्रकन पळाली आणि आकड्यांप्रमाणे वेगवेगळ्या कप्प्यांत पडली. तिने दोनदा चालवून दाखवलं. चौदाच्या जागी एकही कार्ड नव्हतं.

"मोजणीत चाकं पूर्ण भरतात. म्हणजे तुमच्या चलनावर नंबर चुकलाय," मॅनेजर म्हणाले.

"आमच्या सगळ्या कार्डांची यादी छापून मिळेल का?"

पद्माने कोपऱ्यातल्या मोठ्या छापयंत्राकडे पाहिलं. त्यावर पुढच्या महिन्याच्या कामाचा आराखडा छापला जात होता. "उद्या सकाळी," ती म्हणाली.

मग तपासनिसाला बोलावलं. पन्नाशीचे, कपाळाला बारीक गंध, खिशाला दोन पेनं. नाव गणोजीराव. मला बघून ते मराठीत म्हणाले, "कोल्हापूरहून आलात काय? बसा की, अक्का." परक्या गावात ते मराठी ऐकून मला एकदम हायसं वाटलं. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि इथेच राहिले, असं त्यांनी नंतर सांगितलं. पण चौदाचं विचारल्यावर त्यांचा चेहरा बदलला.

"चौदा मी वाचला नाही. अकरा वर्षं झाली, माझ्या तक्त्यात चूक निघालेली नाही."

मी चाकं बघायला मागितली. मागच्या आवारात आमची आठ चाकं पडली होती. दत्तोबांनी एकेकावरून हात फिरवला. पंधरा आणि सोळा नंबरची होती; त्या हीटच्या पट्ट्या मी परत आल्यावर तपासल्या होत्या, त्या चांगल्या निघाल्या होत्या. बाकीची पुढे गेली होती, आणि पुढे गेलेल्या चाकांवर आमचा नंबर राहतच नव्हता. लेथवर पहिल्याच फिरतीत ते उठावाचे आकडे तासले जात. त्यानंतर ते चाक कुठलं, हे फक्त कार्डाला माहीत.

पुढच्या शेडमध्ये एक परदेशी यंत्र होतं. भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर चालणारं. पट्टी खटखट करत सरके आणि त्याप्रमाणे ड्रिल आपोआप जागेवर जाऊन चाकाला छिद्रं पाडे. कारागीर बाजूला हात बांधून उभा होता. दत्तोबा खूप वेळ बघत राहिले.

"हातानं ड्रिल मारणाऱ्याला बीड कडक लागलं की मनगटात कळतंय," ते म्हणाले. "ह्याला काय कळणार?"

मी गणोजीरावांमार्फत कारागिराला विचारलं, एवढ्यात ड्रिल मोडलं होतं का. मागच्या आठवड्यात दोन मोडली, तो म्हणाला. नवीन बसवलं की यंत्र पुढे चालतं. कोणत्या चाकावर मोडली ते त्याने पाहिलं नव्हतं.

आमची चाकं इथून गेली होती.

मी तशीच मॅनेजरांच्या खोलीत गेले आणि दादासाहेबांनी सांगू नका म्हटलेलं सगळं सांगितलं. पट्टी, गंधक, पांढरी कड, मी सांगलीला असणं, सगळं. दत्तोबा दाराशी उभे होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण मी काय बोलतेय ते त्यांना कळलं असावं. त्यांनी मान खाली घातली.

मॅनेजरांनी शांतपणे ऐकलं. "सहा चाकं वाईट आहेत. कोणती सहा?"

"ते मला सांगता येत नाही."

"मग तुमची सगळीच चाकं थांबवायची? कार्ड सगळ्यांना पास म्हणतंय. उद्या यादी बघू."

जयनगर

गणोजीरावांची पाळी तीनला संपली. त्यांना आमचा राग आला होता, तरी त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. त्यांचं घर जयनगरात होतं. आखून वसवलेला भाग, सरळ रुंद रस्ते, नवी झाडं, प्रत्येक घरापुढे रांगोळी. पोचेपर्यंत साडेचार झाले. त्यांच्या पत्नी गिरिजाबाईंनी पानं मांडली. नाचणीचा मऊ गोळा, त्याला ते मुद्दे म्हणतात, मटणाचं पातळ सार आणि काकडीची कोशिंबीर. दत्तोबा मुद्दे चावू लागले.

"अण्णा, चावायचं नव्हे ते," गणोजीराव म्हणाले. "सारात बुडवायचं आणि गिळायचं."

दत्तोबांनी गिळलं आणि मान डोलावली. आमच्याकडे सावकाश चावून खा म्हणतात, इथे चावलं तर हसतात. गिरिजाबाई हसल्या आणि त्यांनी आणखी सार वाढलं. त्यांच्या मराठीत कानडी इतकं सहज मिसळलं होतं की त्या थोडं घ्या या अर्थी 'स्वल्प घ्या' म्हणाल्या तेव्हा ते वेगळ्या भाषेतलं आहे हे मला घटकाभराने उमगलं.

पण बोलणं फिरून चाकांवर येत होतं. "आज सहाला पहिला प्रेस फिरवून बघणार," गणोजीराव म्हणाले. "गिऱ्हाइकाला बुधवारी द्यायचाय. म्हणून मॅनेजर असे घाईत."

मी घास खाली ठेवला. "त्याच्यावर चाक कोणाचं आहे?"

"ते मला ठाऊक नाही. कार्डाला ठाऊक."

दत्तोबांनी हात धुतला आणि पिशवीतून उरलेल्या ठेच्याची पुडी काढून गिरिजाबाईंपुढे ठेवली. पुडी कोल्हापूरच्या वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली होती. गिरिजाबाईंनी कागद उलगडून गणोजीरावांना दाखवला. दोघंही त्याच्यावरचं चित्र बघत राहिले.

"काय म्हणतोय पेपर?" दत्तोबांनी विचारलं.

"ते तुम्ही वाचून सांगा," गणोजीराव म्हणाले. "आम्ही घरात मराठी बोलतो. लिहिणं-वाचणं सगळं कानडी आणि इंग्लिश. माझ्या आजोबांना मोडी येत होती. त्यांच्यानंतर कोणाला नाही."

दत्तोबा त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बोट पाण्यात बुडवलं आणि जमिनीवर एक आणि चार असे दोन आकडे काढले, मराठी. १४.

"ह्ये काय हाय, वाचा."

गणोजीरावांनी वाकून पाहिलं. "अठ्ठ्याण्णव," ते म्हणाले. "नाइन, एट."

मग दत्तोबा माझ्याकडे वळले.

"बाई, बंगळूरच्या कामाचं इंग्लिश आकडं त्या दिशी न्हवतं. एक आन् चार मोडलं हुतं. म्या चरकाच्या पॅटर्नवरचं मराठी आकडं काढून लावलं. म्हटलं, आकडा त्यो आकडा."

"काल गाडीत का नाही बोललात?"

"मला काय ठाव? आन् आज तर ह्ये मराठीच बोलत्यात की आपल्यासंगं. मराठी बोलणाऱ्याला मराठी आकडा येत नसंल हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

गणोजीराव अजून जमिनीवरच्या त्या दोन ओल्या आकड्यांकडे बघत होते. ते वाळत चालले होते. "गंज होता त्यांच्यावर," ते हळूच म्हणाले. "मी नऊ वाचला. आठ वाचला."

सव्वापाच झाले होते.

कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात टेलिफोन होता. मॅनेजरांच्या खोलीतला फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही. कार्डांची खोली साडेपाचला बंद होते, गणोजीराव म्हणाले, तिथे लावा. पद्मानेच उचलला.

"आमच्या कार्डांत हीट अठ्ठ्याण्णव आहे का बघा. लगेच."

"तुमचा गठ्ठा टेबलावरच आहे." कार्डं उलटण्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "सहा आहेत. तुमच्या हीटचे नंबर इतके वर गेलेत?"

"नाही. तीच चौदा आहे. ती चाकं कुठे आहेत?"

"तीन ड्रिलिंगला. दोन स्टोअरमध्ये." ती थांबली. "एक प्रेस नंबर एकवर आहे."

"पद्मा, ते चाक फुटेल."

रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज आला, मग तिच्या चपलांचा, मग दार. फोन तसाच उघडा राहिला. मी कानाला लावून उभी राहिले. पलीकडे रिकाम्या खोलीत ते छापयंत्र एकसारखं चाललं होतं.

पुन्हा हेब्बाळकडे

आम्ही तिघं एका रिक्षात बसलो. गणोजीरावांनी रिक्षावाल्याला कानडीत काहीतरी सांगितलं आणि त्याने वळून आमच्याकडे एकदा पाहिलं. मग तो जो सुटला तो मॅजेस्टिकच्या चौकात अडकेपर्यंत थांबला नाही. तिथे बस, सायकली, टांगे, सिनेमाला निघालेले लोक. सहाला वीस मिनिटं होती. दत्तोबा दोन्ही हातांनी पुढची दांडी धरून बसले होते. मी एकच विचार करत होते: मॅनेजर पद्माचं ऐकतील का. एका मुलीच्या हातातलं एक कार्ड, आणि त्यावर तर पास लिहिलेलं.

कारखान्याच्या फाटकाशी उतरलो तेव्हा सहा वाजून गेले होते. शेडमधून काही आवाज येत नव्हता. पहारेकऱ्याने गणोजीरावांना बघून आत सोडलं. त्या शांततेचा अर्थ मला कळेना, आणि मी पळतच शेडमध्ये शिरले.

प्रेस उभा होता. त्याच्या बाजूला आमचं चाक, हिरवा रंग दिलेलं. पाच-सहा माणसं घोळका करून उभी होती. आणि स्विचच्या पेटीला पाठ लावून पद्मा उभी होती, एका हातात कार्ड धरून. मॅनेजर तिच्यासमोर होते, चेहरा लाल झालेला. अर्धा तास ती तिथून हलली नव्हती.

"या, सांगा आता," मॅनेजर मला म्हणाले. "ही मुलगी मला माझ्याच प्रेसला हात लावू देत नाही."

मी सांगितलं. दत्तोबांनी चाकाच्या कडेवर बोटाने १४ काढून दाखवला. गणोजीराव पुढे आले आणि इंग्रजीत म्हणाले, "मी चुकीचं वाचलं, सर."

"नंबर चुकीचा वाचला, म्हणून चाक वाईट ठरत नाही," मॅनेजर म्हणाले. "सिद्ध करा."

मी रॉकेल आणि खडूची पूड मागितली. ही साधी तपासणी आहे. बिडावर रॉकेल चोळायचं, ते बारीकशा फटीतही शिरतं. मग कोरडं पुसायचं आणि वरून खडूचा पातळ लेप द्यायचा. फट असेल तर आतलं रॉकेल परत बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. आधी चाकाचा रंग खरवडायला हवा होता. प्रेस चालवायला जो फिटर उभा राहणार होता, मुनियप्पा नावाचा, त्याने स्वतः पत्र्याचा तुकडा घेऊन दांड्याभोवतालचा रंग काढला. मी रॉकेल लावलं. थांबलो. पुसलं. खडू लावला.

पहिली पाच मिनिटं काहीच दिसलं नाही. सगळा भाग स्वच्छ पांढरा. मॅनेजरांनी घड्याळ पाहिलं. माझ्या मनात आलं, चाक चांगलं निघालं तर? मग मी दादासाहेबांची मागणी, गणोजीरावांची अकरा वर्षं आणि या मुलीची नोकरी, सगळं फुकट घालवलं. आणि तरीसुद्धा चाक चांगलंच निघावं असंही वाटत होतं.

रेघ आधी केसाएवढी दिसली. दांडा बसतो त्या भोकापासून निघालेली. बघता बघता ती ओली होत बाहेर सरकली, बोटभर झाली, मग वीतभर, आणि कडेच्या दिशेने वाकली.

मुनियप्पा गुडघ्यावर बसून ती बघत होता. त्याने कानडीत काही विचारलं. गणोजीरावांनी मला सांगितलं, "तो म्हणतोय, मी कुठे उभा राहणार होतो?"

मॅनेजरांनी हाताने जागा दाखवली. चाकाच्या अगदी सरळ रेषेत, दोन हातांवर. मुनियप्पा उठून त्या जागी जाऊन उभा राहिला, क्षणभरच. मग तो बाहेर निघून गेला. पद्माने स्विचची पेटी सोडली तेव्हा तिच्या पाठीवर पेटीच्या कडेची खूण उमटलेली दिसली.

बुधवार

मंगळवार उरलेली पाच चाकं शोधून त्यांच्यावर लाल रंग मारण्यात गेला. पाचांपैकी दोनांत तशीच फट निघाली. तीन वरून चांगली होती, तीही फोडली. घण दत्तोबांनी स्वतः मारला, दुसऱ्या कोणाला दिला नाही.

बुधवारी सकाळी मॅनेजरांनी आम्हाला कार्डांच्या खोलीत बोलावलं. नापास झालेल्या मालाचं कार्ड करायचं होतं. त्यात कारणाचा एक रकाना असतो, पद्मा म्हणाली. एक म्हणजे पुरवठादार. दोन म्हणजे तपासणी. तीन म्हणजे आमचं यंत्रकाम.

"एकापेक्षा जास्त?" मी विचारलं.

"एका रकान्यात एकच भोक. दोन पाडली तर सॉर्टर कार्ड बाहेर टाकतो."

गणोजीराव भिंतीशी उभे होते. दोनच्या जागी भोक पाडलं तर त्यांच्यावर खातेचौकशी होणार, हे त्यांनी आदल्या दिवशी मला सांगितलं होतं. तक्रारीच्या सुरात नव्हे, आपलं सहज.

"आणि एक पाडलं तर?"

मॅनेजर माझ्याकडे बघून म्हणाले, "पुढच्या मागणीची यादी ही यंत्रंच तयार करतात. तुमचं नाव त्यातून गळेल. सहा महिने तरी."

दत्तोबा माझ्याकडे बघत होते. मी त्यांना मराठीत सांगितलं. ते म्हणाले, "आकडं म्या लावलं."

"आणि पट्टी मी वेळेवर तोडली नाही," मी म्हटलं. मग मी पद्माला इंग्रजीत म्हणाले, "एक पाडा."

दादासाहेबांना न विचारता मी हे बोलले होते. पद्माने कार्ड यंत्रात सरकवलं आणि कळ दाबली. गणोजीराव आमच्याबरोबर फाटकापर्यंत चालत आले, दत्तोबांचे दोन्ही हात हातात घेतले आणि परत गेले.

गाडीला वेळ होता. हेब्बाळच्या तळ्यावर उतरून आम्ही काठाला बसलो. पाण्यात म्हशी होत्या, लांबवर पांढरे पक्षी. बंगळूरची हवा तेवढी अर्धा तास मला लागली. दत्तोबा बसल्या जागी झोपले.

कोल्हापूर

दादासाहेबांना मी सगळं उभ्यानेच सांगितलं. मागणी गेली, आणि ती मी घालवली, हेही. ते खिडकीतून आवारात बघत होते. तिथे दुपारचा माल लॉरीत चढत होता. मला वाटलं, आता मला जायला सांगतील. तशी तयारी करूनच मी आले होते.

"त्या माणसाचं नाव काय म्हणालात? चाकासमोर उभा राहणार होता त्याचं."

"मुनियप्पा."

"घरी कोण कोण असतं त्याच्या?"

"विचारलं नाही मी."

"विचारायला हवं होतं," ते म्हणाले.

मग ते उठले, दारात गेले आणि लॉरीवाल्याला हाक मारून म्हणाले, इंजिन बंद कर, बाईंची चिठ्ठी आल्याशिवाय गाडी हलणार नाही.

मी माझ्या खोलीत गेले. टेबलावर दोन पट्ट्या पडल्या होत्या. मी हातोडा घेतला.